नालबंदाचं लोखंड

पुण्याहून पौडकडे निघालं की पिरंगुटच्या पुढे कासार आंबोली लागते. नावातच धातू असलेलं गाव. कासार म्हणजे तांब्या-पितळेची भांडी करणारे, बांगड्या भरणारे. आमच्यात बांगड्यांचं हेच काम मणियार करतात. माझ्या एका सहकारी शिक्षकाची तिथे दीड एकर जमीन आहे. त्यांचा भाचा आखातात नोकरीला होता. परत येताना त्याने मेटल डिटेक्टर आणला आणि मामाच्या शेतात गुप्तधन शोधायचं ठरवलं. मला बोलावणं आलं ते वेगळ्याच कारणाने. "एखादं मुघल नाणं निघालं तर वाचणार कोण? सरांना घेऊन या."

मी दोन अटी घातल्या. यंत्र हवं तेवढं फिरवा, पण खणायचं नाही. आणि आधी आपणच काहीतरी पुरून यंत्राची परीक्षा घ्यायची.

पहिली अट कायद्यामुळे. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! आज खिळ्यांची पुडीही त्यात येत नाही, पण आकडा बदललेला नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं, हत्यार, भांडं ही पुरावस्तू ठरते. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकाच्या आवारात कुदळ मारणं तर गुन्हाच. शेत मामाचं आहे म्हणून मातीतला इतिहास भाच्याचा होत नाही.

दुसरी अट माझ्या मास्तरकीमुळे. आधी सराव चाचणी, मग परीक्षा.

शेताच्या एका कोपऱ्यात जुनी विहीर आहे आणि तिच्या बाजूला कधीकाळी लोहाराची भट्टी होती, असं मामांच्या आई सांगतात. तिथे ढेकळांत काळे, सच्छिद्र, वजनदार खडे दिसतात. ती लोहकीट. आयुर्वेदवाले जुन्या लोहकिटाला मंडूर म्हणतात आणि त्याचं भस्म करतात. त्यात भर म्हणून तारेचे तुकडे, नटबोल्ट, नांगराचे मोडके फाळ. भाच्याने यंत्र सुरू केलं मात्र, कुकरच्या शिट्ट्या, बेडूक आणि बिघडलेला रेडिओ एकदमच ओरडू लागल्यासारखं झालं. मग त्याने एक बटण दाबलं आणि शांतता पसरली.

"काय केलंस?"

"लोखंड बंद केलं, सर. आता फक्त किमती धातू वाजतील."

लोखंडाचा हा त्रास यंत्राइतकाच जुना आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं नवं यंत्र घेऊन हजर झाले. यंत्र ठीक होतं, पण आवाज सगळीकडूनच यायला लागला. कारण गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यात डॉक्टरांचा हट्ट की गोळी उजव्या बाजूलाच आहे, तिथेच शोधा. ती होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले.

यंत्राची थाळी, म्हणजे कॉइल, जमिनीत चुंबकीय लहरी सोडते. तांबं, चांदी, शिसं यांत त्या लहरींनी प्रवाह फिरतो आणि त्याचा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. लोखंड स्वतःच चुंबकी असल्याने त्याचा प्रतिसाद वेगळ्या चालीने येतो. या उशिरावरून यंत्र धातू ओळखतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. 'डिस्क्रिमिनेशन' म्हणजे अमुक आकड्याखालचं मला ऐकवू नकोस, असा हुकूम. पण थाळीखाली खिळा आणि नाणं एकत्र आले तर यंत्राला दोन उत्तरं वेगळी ऐकू येतीलच असं नाही. खिळ्याचा आवाज दाबताना ते शेजारचं नाणंही दाबतं.

हे पाहायचं म्हणून मी खिशातून भोकाचा पैसा काढला. १९४३ ते १९४७ दरम्यानचा, मध्ये गोल भोक असलेला ब्राँझचा पैसा. आमच्या अब्बांच्या डब्यात असे बरेच होते. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार बोटं खोल पुरला आणि त्याला लागून एक गंजका खिळा. भाच्याने लोखंड बंद ठेवून थाळी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. पैसा त्याच्या डोळ्यांदेखत पुरला होता, तरी यंत्र म्हणत होतं इथे काही नाही.

मग आम्ही एकेक सेटिंग बदलत गेलो. त्यात दोन तास गेले, पण मजा आली.

आधी जमीन जुळवून घ्यावी लागते. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. म्हणजे मातीच थोडी लोखंडी. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. थाळी जमिनीवर हळूहळू वर-खाली करायची आणि आवाज एकसारखा झाला की थांबायचं. भाच्याने हे भट्टीच्या जागीच केलं होतं, म्हणजे यंत्राला त्याने लोहकीट हीच माती म्हणून शिकवली. दहा पावलं बाजूला, बांधापाशी, स्वच्छ जागी जाऊन पुन्हा केलं, तेव्हा अर्धी कुरकुर तिथेच थांबली.

दुसरी गोष्ट उलटी वाटते. नवशिक्याचा हात संवेदनशीलता वाढवण्याकडे जातो, जास्त खोल दिसावं म्हणून. पण कचऱ्याच्या जमिनीत ती वाढवली की लांबचा खिळाही कानाशी येऊन ओरडतो. आम्ही ती निम्म्यावर आणली. मोठी थाळी काढून सहा इंचांची लावली. मोठ्या थाळीखाली एका वेळी पाच-सहा वस्तू येतात, लहानीखाली एक-दोन. एक आवाज संपवून पुढच्याला कान द्यायची जी गती असते, रिकव्हरी स्पीड, ती वाढवली. त्यात खोली थोडी कमी होते, पण नाणं दोन वीत खाली असून ऐकू न येण्यापेक्षा चार बोटांवरचं ऐकू आलेलं बरं.

आणि शेवटी लोखंड परत चालू केलं. फक्त त्याला जाडाभरडा, खालचा सूर दिला. आता खिळे घुर्र करत होते. थाळी हळू, आखूड हातांनी फिरवली. घुर्र, घुर्र, आणि मध्येच एक बारीक चिवचिवाट. भाचा थबकला. नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेने फिरवलं तर फक्त घुर्र. पुन्हा पहिल्या दिशेने, पुन्हा चिवचिवाट. पैसा बोलला होता, पण एकाच बाजूने.

"म्हणजे लोखंड ऐकल्याशिवाय नाणं ऐकू येत नाही," भाचा म्हणाला. मी मान हलवली.

आता माझी पाळी होती. मामांच्या गोठ्यात भंगाराच्या डब्यात एक घोड्याची नाल होती, बैलाच्या पत्र्यांबरोबर पडलेली. ती मी बांधावर ठेवली. यंत्राने उंच, स्वच्छ सूर काढला आणि आकडा दाखवला चांदीचा. भाच्याचे डोळे चमकले, मग नाल पाहून पडले. रुंद, चपट्या, मोठ्या लोखंडाने यंत्र असं फसतं. आजींनी मात्र डबा जागेवर ठेवायला लावला. नाल घरात असावी, म्हणाल्या, मग ती भंगारात का होईना.

नाल हा शब्द अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला. ती ठोकणारा तो नालबंद. आजही महाराष्ट्रात नालबंद आडनावाची मुसलमान घरं आहेत, तशीच शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी-सुऱ्यांना धार आणि झळाळी देणारे. अरबीत सैकल म्हणजे झळाळी, त्यावरून सैकलगर आणि त्यावरून शिकलगार. मराठ्यांच्या कागदपत्रांत तर 'नालबंदी' हा हिशोबाचा शब्दच आहे. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळायची, ती नालबंदी. घोड्याचे पाय तयार झाल्याशिवाय फौज हलत नव्हती, हे त्या शब्दातच आहे. मात्र अमुक मोहिमेत नालबंदी किती दिली हे कागदावर सापडतं, आणि ज्याने मांडीवर खूर घेऊन खिळे ठोकले त्याचं नाव फार क्वचित. त्याचे खिळे मातीत आहेत. गुप्तधन शोधणारा जे पहिलं बटण दाबतो, ते याच माणसाला गप्प करतं.

आणि फक्त त्यालाच नाही. तोफेचा गोळा लोखंडाचा. बाणाचं टोक, भाल्याचं फाळ, कट्यारीचं पातं लोखंडाचं. बंदुकीची गोळी शिशाची, पण तिचा आकडा लोखंडाच्या फार वर नसतो. बटण जरा जास्त पुढे सरकवलं की तीही गेली. बारीक सोन्याचीही तीच गत, हे गुप्तधनवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्नचं मैदान आहे. तिथे १८७६ मध्ये कस्टर आणि त्याची तुकडी मूळनिवासी योद्ध्यांकडून मारली गेली. १९८३ मध्ये गवताला आग लागून जमीन उघडी पडली आणि १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना ओळीत उभं करून डिटेक्टर फिरवले. जिथे सूर लागेल तिथे निशाण. आधी नकाशा, मगच खणणं. काडतुसांच्या पुंगळ्यांवरच्या खुणांवरून एकेक बंदूक कुठून कुठे सरकली ते मांडता आलं. लोखंडी बाणाग्रंही मिळाली. जिंकलेल्यांची बाजू त्यांच्या लोखंडाने सांगितली.

आपल्याकडे उलटा प्रकार जास्त. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या मातीत मिळालेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. डिटेक्टर नव्हता, मजुरांच्या नजरेला पडली होती. अशा बातमीत नाण्यांवर 'उर्दू' लिहिलंय असं हमखास छापून येतं. मुघल नाण्यांवरची भाषा फारसी असते, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. एका बाजूला बादशाहाचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याच्या राज्यारोहणाचं वर्ष, म्हणजे जुलूस, आणि 'जर्ब' या शब्दाबरोबर टांकसाळीचं गाव. नाणं हातात आलं तर इतकं वाचता येतं. पण ते हंड्यात होतं की सुटं, किती खोल, शेजारी काय, हे नाणं सांगत नाही. ते माती सांगते, आणि माती एकदाच सांगते.

दुपारी आम्ही विहिरीपासून सुतळी ताणून चौकोन आखले. भाचा थाळी फिरवत होता, मामा काड्या रोवत होते. खालच्या सुराला काळ्या चिंधीची काडी, वरच्या सुराला लाल. मी वहीत मांडत होतो. संध्याकाळी काळ्या काड्या विहिरीच्या पूर्वेला दाट झाल्या होत्या, आजी भट्टी दाखवतात नेमक्या तिथेच. तिथून रस्त्याकडे एक पट्टा गेला होता, विरळ होत. लाल काड्या तीनच होत्या. त्यातली एक आमच्या पैशाची.

पैसा काढून घेतला. बाकी काहीही हलवलं नाही. वहीतला नकाशा नीट काढून मी डेक्कन कॉलेजमध्ये दाखवायला नेणार आहे. भट्टी कोणाची, किती जुनी, हे ठरवायचं काम त्यांचं. भाच्याने यंत्राच्या खोक्यावर मार्करने लिहून ठेवलंय: लहान थाळी, संवेदनशीलता निम्मी, गती जास्त, लोखंड चालू.