बिनविरोध पक्षप्रमुख

कोल्हापूरकरांना निवडणुकीचं अप्रूप नाही. 2021 ला 'गोकुळ' दूध संघाच्या निवडणुकीत गावोगावच्या दूध संस्थांचे ठराव मिळवण्यासाठी जिल्हा ढवळून निघाला आणि विरोधी आघाडीनं 21 पैकी 17 जागा घेऊन सत्ता उलटवली. संचालक असे घासून निवडणारी हीच माणसं पक्षाचा नेता मात्र वरून आलेला मान्य करतात.

शिवसेना 1966 ची. प्रमुखासाठी मतदान घ्यावं, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं. आदेशावर चालणारी संघटना ती. मतदान घटनेत शिरलं ते निवडणूक आयोगाच्या रेट्यानं. 1999 ला दुरुस्ती झाली आणि प्रतिनिधी सभेनं प्रमुख निवडायची तरतूद आली. कागदावर! 2003 ला महाबळेश्वरच्या शिबिरात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले, नाव सुचवलं राज ठाकरे यांनी. बाळासाहेबांच्या पश्चात 2013 मध्ये पक्षप्रमुख हे नवं पद आलं. 2018 ला उद्धव पुन्हा बिनविरोध. काँग्रेसमध्ये निदान 2022 ला अध्यक्षपदासाठी मतं मोजली तरी: खर्गे 7897, थरूर 1072.

गोम होती 2018 च्या घटनेत. प्रमुखानं माणसं नेमायची आणि त्यांनीच प्रमुख निवडायचा! शिवसेना फुटल्यावर पक्ष उद्धव ठाकरेंचा की एकनाथ शिंदेंचा, या वादावरच्या 17 फेब्रुवारी 2023 च्या निकालात आयोगानं नेमकं यावर बोट ठेवलं. ही घटना आपल्या दफ्तरी नाही, असंही सांगितलं. दोन्ही गटांनी पदाधिकाऱ्यांची शपथपत्रं गठ्ठ्यांनी दिली होती, पण संघटनेत बहुमत कुणाचं हे त्यावरून ठरेना. मग उरले लोकप्रतिनिधी. 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार एकनाथ शिंदेंकडे, म्हणून नाव आणि धनुष्यबाणही त्यांच्याकडे. त्या 13 मध्ये कोल्हापूरचे संजय मंडलिक आणि हातकणंगल्याचे धैर्यशील माने होते. म्हणजे दोन खासदारांचं वजन भरलं, जिल्ह्यातल्या शाखाप्रमुखांचं नाही.

चारच दिवसांत मुंबईत शिंदेंच्या शिवसेनेची राष्ट्रीय कार्यकारिणी बसली आणि त्यांच्या मुख्य नेतेपदावर शिक्कामोर्तब झालं. त्या निकालाच्या वर्षपूर्तीला, 16 आणि 17 फेब्रुवारी 2024 ला, त्यांच्या पक्षाचं महाअधिवेशन कोल्हापुरात भरलं. पदाचं नाव बदललं, रीत तीच राहिली.

पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता सदस्यनोंदणीचा फॉर्म घेऊन दारात आला, तर एवढंच विचारा: अध्यक्ष निवडताना मला मत आहे का?