अदृश्य दोऱ्याचे दृश्य दोष

अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जाणाऱ्या 'क्विल्ट'ची जातकुळी आपल्या गोधडीचीच. तुकडे जोडून शिवलेले वरचे कापड, मध्ये कापसाचा वा पॉलिएस्टरचा मऊ थर आणि खाली अस्तर असे तीन थर एकत्र शिवून ती सिद्ध होते. गोधडीत धावदोऱ्याचा टाका हीच नक्षी असते. क्विल्टमध्ये मात्र पुष्कळदा नजर तुकड्यांच्या जोडकामावर खिळावी आणि शिलाई दिसू नये, अशी अपेक्षा असते. त्यासाठी जो पारदर्शक दोरा वापरतात त्याला 'अदृश्य दोरा' म्हणतात. दिसायला नाजूक असलेला हा दोरा लाँगआर्म यंत्रावर चढला की अनुभवी कारागिरांचीही परीक्षा पाहतो.

लाँगआर्म यंत्रात कापड स्थिर राहते आणि यंत्र फिरते. तिन्ही थर लांब चौकटीच्या दांड्यांवर गुंडाळलेले असतात आणि रुळांवर सरकणारे यंत्र कारागीर दोन्ही हातांनी फिरवतो किंवा संगणकाकरवी फिरवून घेतो. शिवून झालेला भाग दांडीवर गुंडाळला जातो. त्यामुळे अस्तराच्या बाजूचा दोष काम पूर्ण होऊन क्विल्ट चौकटीवरून उतरेपर्यंत लक्षातच येत नाही. हा व्यवसाय करणारे बहुधा दुसऱ्यांनी जोडलेली कापडे शिवून देतात. एखाद्या आजीने हयातीत जोडून ठेवलेले कापड हाती आले असेल, तर ते बिघडल्यास दुसरे मिळणार नसते. शिवाय पारदर्शक टाके उसवायचे तर ते आधी दिसले पाहिजेत!

दोऱ्याचा स्वभाव

सुताचा दोरा अनेक तंतूंना पीळ देऊन बनतो. अदृश्य दोरा हा एकच सलग तंतू असतो. त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. तो नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार केले. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. नायलॉन अधिक ताणले जाते आणि कालांतराने पिवळे व ठिसूळ होऊ शकते. त्यामुळे वर्षानुवर्षे जपायच्या कामासाठी अनेक जण पॉलिएस्टर पसंत करतात. फिकट कापडासाठी स्वच्छ पारदर्शक आणि गडद कापडासाठी धुरकट रंगाचा, असे त्याचे दोन प्रकार मिळतात.

यंत्राने शिवलेल्या क्विल्टकडे एकेकाळी कमीपणाने पाहिले जाई. केंटकी राज्यातील पडुका येथील प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने शिवलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि ही दृष्टी बदलू लागली. यंत्राचा टाका लपवू शकणाऱ्या अदृश्य दोऱ्याचे महत्त्वही त्याच काळात वाढले.

या दोऱ्याचे दोन गुण जवळजवळ प्रत्येक बिघाडाच्या मुळाशी असतात. तो रबरासारखा ताणला जातो, आणि रिळावरचे वेटोळे त्याच्या अंगी मुरलेले असते. यंत्राचे टेन्शन मात्र सुताच्या वा जाड पॉलिएस्टरच्या दोऱ्यासाठी लावलेले असते.

रिळापासून सुरुवात

दोरा वारंवार तुटत असेल, तर टेन्शनला हात लावण्याआधी रीळ पाहावे. वेटोळे सैल होऊन दोरा रिळाखाली उतरतो, दांडीभोवती गुंडाळला जातो आणि मग तुटतो. रिळावर बारीक जाळी चढवल्यास आणि तळाशी स्पंजची चकती ठेवल्यास तो जागेवर राहतो. रीळ वरच्या कडीच्या बरोबर खाली असावे. तीन भोकांच्या मार्गदर्शक पट्टीतून दोरा तिन्ही भोकांत न घालता एकातूनच घेतल्यास अनावश्यक ताण टळतो. मात्र तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसला आहे, हे ओढून पाहावे. गुळगुळीत असल्याने तो तेथून सहज निसटतो.

ताण आणि सुई

त्यानंतर वरचे टेन्शन टप्प्याटप्प्याने सैल करावे. दोरा ताणलेल्या अवस्थेत शिवला गेला, तर तो नंतर आकसतो आणि कापडाला सुरकुत्या पडतात. खालचा दोरा ठिपक्यांसारखा वर दिसत असेल, तर वरचे टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिनचे कमी आहे, असे समजावे. अस्तराच्या बाजूला टाक्यांवरून बोट फिरवताना सैल फासे लागले, तर स्थिती नेमकी उलट असते. बॉबिनमध्ये अस्तराच्या रंगाचा बारीक पॉलिएस्टर दोरा घातल्यास ठिपके उठून दिसत नाहीत.

बॉबिनचा ताण तपासण्याची जुनी रीत सोपी आहे. बॉबिन केस तळहातावर ठेवून दोरा वर ओढावा. केस उभी राहावी, पण हातावरून उचलली जाऊ नये. बॉबिनमध्येही अदृश्य दोराच भरायचा असेल, तर तो सावकाश आणि अर्ध्यापर्यंतच भरावा. ताणून भरलेला दोरा आकसून प्लॅस्टिकची बॉबिन वाकवू शकतो.

टाके सुटत असतील तर सुई पाहावी. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा फास तयार होतो आणि हूक तो पकडतो. ताठ, लवचिक तंतूचा फास बाजूला वळला की हूक चुकतो आणि टाका सुटतो. नवी सुई नीट दिशेने बसवावी. लाँगआर्मवर ४.० म्हणजे १८ नंबरची सुई असेल, तर ३.५ म्हणजे १६ नंबरची लावून पाहावी. सुईचे छिद्र लहान पडले की खालचा दोराही वर डोकावत नाही. वेगही कमी ठेवावा. एवढे करूनही टाके सुटत राहिले, तरच हूकवरील खरखर आणि हूकची वेळ तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी.

टोके आणि उपयोग

गुळगुळीत तंतूला गाठ धरत नाही. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी सहा-सात अगदी बारीक टाके घ्यावेत. टोक अगदी मुळाशी कापू नये. ओवताना टोकाला गडद मार्कर लावल्यास आणि सुईमागे काळा कागद धरल्यास डोळ्यांना त्रास होत नाही. इस्त्री मध्यम उष्णतेवर, वर कापड ठेवूनच करावी. तान्ह्या बाळाच्या क्विल्टसाठी अनेक कारागीर हा दोरा वापरत नाहीत. टाका सुटून तयार झालेला फास नाजूक बोटाभोवती आवळला जाण्याचा धोका असतो आणि पारदर्शक असल्याने तो पटकन दिसतही नाही.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा यातील मुख्य नियम. रीळ, मार्ग, वरचे टेन्शन, बॉबिन, सुई, वेग हा क्रम ठेवला तर कोणत्या बदलाने फरक पडला ते कळते. चाचणी चौकटीवरच, क्विल्टच्या कडेला सोडलेल्या जादा अस्तरावर घ्यावी आणि प्रत्येक वेळी कापड गुंडाळण्याआधी विजेरी व आरसा धरून खालची बाजू पाहावी. या दोन मिनिटांच्या तपासणीमुळे पुढचे कित्येक तास उसवत बसण्याची वेळ टळते आणि विश्वासाने सोपवलेले कापडही सुखरूप परत जाते.