शिंदे, दत्ताजी : बुराडी घाटावरची झुंज

शिंदे, दत्ताजी राणोजी : (मृत्यू 10 जानेवारी 1760). उत्तर हिंदुस्थानातील मराठी फौजांचे सरदार. मल्हारराव होळकरांच्या कुमकेची वाट पाहत दिल्लीच्या उत्तरेस यमुनाकाठी तळ देऊन असताना अहमदशाह अब्दाली आणि नजीबखान रोहिला यांच्या फौजेशी लढताना पडले. घराणे सातारा भागातील कण्हेरखेडचे. जयाप्पा त्यांचे थोरले बंधू, महादजी धाकटे सावत्र बंधू, आणि बुराडीत सोबत लढलेले जनकोजी हे जयाप्पांचे चिरंजीव.

शिंदे आणि होळकर यांचे नाते समजल्याशिवाय ही झुंज कळत नाही. आधीच्या पिढीत ही दोन घराणी खांद्याला खांदा लावून लढली होती. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत (1737–39) राणोजी शिंदे आणि मल्हारराव दोघेही होते. पुढे 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचे पुत्र खंडेराव मारले गेले. मल्हाररावांना सूरजमल जाटाचा सूड हवा होता, तर जयाप्पांनी जाटाशी तह घडवून आणला. तेव्हा पडलेली तेढ मिटली नाही. 1757 मध्ये नजीबखान मराठ्यांच्या हाती सापडला असताना मल्हाररावांनी मध्ये पडून त्याला सोडवले. या सुटकेची किंमत सर्वांत आधी शिंद्यांनी मोजली.

जुलै 1755 मध्ये मारवाडातील नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा दग्याने खून झाला. त्यानंतर दत्ताजींनी वेढा न उठवता मारवाडचे प्रकरण तडीस नेले. 1759 मध्ये गंगेकाठी शुक्रताल येथे त्यांनी नजीबला कोंडले, पण अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या गोसाव्यांची फौज नजीबच्या मदतीला आली. तेवढ्यात अब्दाली पंजाबात उतरल्याने साबाजी शिंद्यांना लाहोरहून माघार घ्यावी लागली. डिसेंबरमध्ये दत्ताजींनी वेढा उठवला आणि यमुना ओलांडून ते अब्दालीच्या वाटेवर उभे राहिले. 24 डिसेंबरला तरावडीजवळ चकमक झाली. पुढे अब्दाली यमुनेपलीकडे अंतर्वेदीत (गंगा-यमुनेमधल्या दुआबात) शिरला, नजीबला मिळाला आणि दिल्लीसमोर येऊन थडकला. नदीच्या अलीकडचे घाट रोखण्यासाठी दत्ताजींनी बुराडीजवळ तळ दिला. मल्हारराव त्या वेळी जयपूरच्या मुलखात खंडणीच्या प्रकरणात गुंतले होते. त्यांनी मुद्दाम उशीर केला असे ठामपणे म्हणणे अन्यायाचे होईल. पण शेजारच्या मुलखात असूनही ते वेळेवर आले नाहीत, हेही नाकारता येत नाही.

दत्ताजींचे वर्णन केवळ बेभान शूर म्हणून केले जाते, ते अपुरे आहे. कुटुंबकबिला आणि अवजड सामान त्यांनी लढाईआधीच रेवाडीकडे रवाना केले होते. मागे हटून मल्हाररावांना गाठणे त्यांना शक्य होते. पण तसे केले असते तर दिल्ली शत्रूला मोकळी झाली असती. बादशाह आलमगीर दुसरा याचा खून होऊन दीड महिनाही झाला नव्हता आणि राजधानीला वाली उरला नव्हता.

लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली. (त्या काळी संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येई. पानिपताची 14 जानेवारी आपल्याला संक्रांतीची वाटते ती आजच्या पंचांगामुळे. मराठ्यांवर खरी संक्रांत कोसळली ती बुराडीत, त्याच्या आदल्या वर्षी.) हिवाळ्यात यमुनेचे पाणी ओसरलेले होते. पात्रात मध्येमध्ये बेटे उघडी पडली होती आणि त्यांवर उंच गवत व झाऊची दाट झुडपे माजली होती. रोहिले आणि अफगाण त्या आडोशाने पुढे सरकले. त्यांच्या हाती बंदुका, मराठ्यांच्या हाती भाले आणि तलवारी. झाडोऱ्यात घोडा वळेना, आणि तलवारीच्या टप्प्यात येण्याआधीच माणूस गोळीने पडू लागला. घाटावरची साबाजींची चौकी मोडल्याचे कळताच दत्ताजी स्वतः धावले आणि गोळी लागून कोसळले. विशीही न गाठलेले जनकोजी त्यांच्याकडे झेपावले, तर त्यांच्या दंडात गोळी शिरली. जखमी दत्ताजींना नजीबचा गुरू कुत्बशाह याने आणखी लढणार का असे विचारले आणि वाचलो तर पुन्हा लढू अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, ही कथा बखरीतून आलेली आहे. तिचे शब्द प्रत्यक्ष ऐकलेल्या माणसाने टिपलेले नाहीत. त्यांचे शिर कापून नेण्यात आले, हे मात्र खरे.

जखमी जनकोजींना घेऊन उरलेली फौज कोटपुतळीकडे निघाली. तेथे थोड्याच दिवसांत मल्हारराव येऊन मिळाले. दिल्लीपासून कोटपुतळी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे घोडदळाला काही मजलांचे अंतर. मल्हाररावांनी मग गनिमी काव्याने अंतर्वेदीत धामधूम उडवली, पण मार्चच्या आरंभी सिकंदराबादजवळ त्यांचाही पराभव झाला. दक्षिणेत सदाशिवरावभाऊ उदगीरच्या विजयातून (फेब्रुवारी 1760) मोकळे होत होते. बुराडीची बातमी पोहोचल्यावर मार्चमध्ये परतूडहून ते विश्वासरावांसह उत्तरेकडे निघाले.

ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला. तेथे कुत्बशाह हाती लागला आणि त्याचे शिर उडवण्यात आले. 14 जानेवारी 1761 रोजी जनकोजी पानिपतावर जखमी अवस्थेत पकडले गेले आणि नंतर मारले गेले. त्या रणातून जायबंदी होऊन वाचलेल्या महादजींनी 1771 मध्ये दिल्लीत पुन्हा मराठी सत्ता बसवली. पुढच्याच वर्षी मराठी फौजा नजीबच्या मुलाच्या मुलखात शिरल्या.