दुब्रोव्हनिकचा तट

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर ग्रुझ बंदराला आमची बोट सकाळी लागली. सायंकाळी पाचच्या आत परत या, अशी ताकीद. दुब्रोव्हनिकसारखे तटबंदीचे शहर एवढ्या वेळात काय पाहून होणार? बोटीवर एक सासष्टीचा तारवटी होता. उन्हे तापायच्या आधी तट चढा, एवढेच त्याने सांगितले.

पिले दरवाजातून आत शिरलो आणि तट चढलो. लांबी १९४० मीटर, जमिनीकडच्या बाजूला जाडी काही ठिकाणी सहा मीटर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला लाल कौलांची छपरे. अगदी आपल्या गावातल्यासारखी. पण बरीचशी कोरी करकरीत. १९९१-९२ च्या वेढ्यात युगोस्लाव सैन्याच्या तोफांनी जुनी कौले फोडली. मधूनच एखादे फिकट, जुने छप्पर दिसे आणि बरे वाटे.

या शहराचे जुने नाव रागुसा. इथले व्यापारी प्रजासत्ताक १३५८ पासून १८०८ पर्यंत टिकले, शेवटी नेपोलियनच्या फ्रेंचांनी ते बुडवले. तटावरून चालताना हे सगळे या दगडांमुळेच, असे वाटते खरे. मला मात्र त्याचे श्रेय इथल्या हिशेबी डोक्यांना द्यावेसे वाटते. तुर्की सुलतानाला दरसाल १२,५०० डुकाट खंडणी मोजायची आणि त्याच्याच मुलुखात बिनघोर व्यापार करायचा! राज्यप्रमुख निवडायचा तो फक्त एका महिन्यासाठी. तेवढ्या काळात सरकारी कामाखेरीज त्याने वाड्याबाहेर पडायचे नाही. आपल्याकडे हा नियम आणला तर किती उमेदवार उभे राहतील?

सर्वांत शहाणपणाचा कायदा १३७७ चा. साथीच्या मुलुखातून येणाऱ्याने आधी म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावी तीस दिवस काढायचे, मगच शहरात पाऊल टाकायचे. पुढे प्लोचे दरवाजाबाहेर त्यासाठी लाझारेत नावाच्या दगडी इमारती बांधल्या. त्या अजून उभ्या आहेत. कोविडनंतर त्यांच्यासमोर उभे राहताना अंगावर काटा आला.

कारण आठवले ते आपले जुने गोवे. तटबंदी त्यालाही होती. शत्रूने ते जिंकले नाही, साथींनी ओस पाडले. व्हाइसरॉयने १७५९ मध्ये पणजीत मुक्काम हलवला, १८४३ मध्ये राजधानीही गेली.

गंमत अशी की सोळाव्या शतकात रागुसाचे व्यापारी जुन्या गोव्याच्या शेजारी, गवंडाळीला येऊन राहिले, असे क्रोएशियन अभ्यासक मानतात. तिथली साव ब्राझची इगर्ज हा त्यांचा पुरावा. साव ब्राझ म्हणजे दुब्रोव्हनिकचा रक्षक संत व्लाहो. हातावर अख्खे शहर पेललेली त्याची मूर्ती मला इथल्या दरवाजावर दिसली. व्यापाऱ्यांनी सोबत आपला संत आणला. तो तीस दिवसांचा कायदा मात्र गोव्यात कुणी उचलला का, ठाऊक नाही.

बोटीचा भोंगा व्हायच्या आत कसाबसा पोचलो. गवंडाळी माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. ती इगर्ज आतून पाहायची अजून राहिलीच आहे.