ट्रक आणि झखलाम : सिनाय १९५६

गाडीतून जाणारे पायदळ सगळे एकच, असे पुष्कळांना वाटते. १९५६ ची सिनाय मोहीम पाहिली की फरक कळतो.

अव्राहम योफे यांची नववी ब्रिगेड राखीव सैनिकांची, म्हणजे घरदार, नोकरी सोडून आलेल्यांची. सुमारे २०० गाड्या घेऊन ती २ नोव्हेंबरला निघाली. बहुतेक ट्रक. ट्रक माणसे, पाणी, पेट्रोल नेतो, पण गोळी अडवत नाही. शत्रू दिसला की उतरून पायीच लढायचे. ऐन फुर्तागाच्या पुढे वाळूच्या चढावर चाके रुतली, तेव्हा माणसांनी ढकलून, झखलामने ओढून ट्रक काढले. ५ तारखेला शार्म-अल-शेख हाती आले.

झखलाम म्हणजे पुढे चाके, मागे पट्टे. चिलखत पातळ आणि वर छप्परच नाही. त्याची किंमत ३१ ऑक्टोबरला मितला खिंडीत मोजावी लागली होती. शॅरोन यांच्या छत्रीधारी ब्रिगेडची तुकडी त्यातून आत शिरली आणि कड्यांतल्या गुहांमधून इजिप्शियन सैनिकांनी वरून मारा केला. शेवटी पायी चढून, गुहेगुहेत शिरूनच खिंड घ्यावी लागली. ३८ जवान गेले. दोष गाडीचा नव्हे, असे मला वाटते. परवानगी टेहळणीची होती. तिची लढाई झाली.