पलांडू, प्याज, कांदा : वृत्तपत्रातील एका नावाची रूपे

काशीतील बालाजी घाट आणि त्याच्या आसपासचे पंचगंगा, दुर्गा, ब्रह्मा हे घाट म्हणजे पेशवेकाळापासूनच्या मराठी वैदिक-शास्त्री घराण्यांचा परिसर. येथील मराठी घरात एकाच कंदाला तीन नावे लाभली. पोथीत तो 'पलांडू'. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसणीसह निषिद्ध ठरविलेला. सट्टीत, म्हणजे बाजारात, तो 'प्याज'. स्वयंपाकघरात, अर्थात चातुर्मास वगळून, 'कांदा'. निषेध, व्यवहार आणि रुची यांची अशी भाषावार वाटणी क्वचितच एवढी स्पष्ट आढळते.

'प्याज' हा फारसीतून आलेला शब्द. त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही. 'कांदा' मात्र संस्कृत 'कंद' या जातिवाचक नामापासून निघाला आणि मराठीत एकाच कंदापुरता आकुंचन पावला. हिंदीने 'कंद' सामान्यार्थीच ठेवला. 'शकरकंद', 'जिमीकंद' हे त्याचे पुरावे. अर्थ आकुंचित झाला तरी मराठी शब्दाचे लाक्षणिक विश्व विस्तारले. 'अकलेचा कांदा' हा मूर्खाचा निर्देश, 'नाकाला कांदा लावणे' हा मूर्च्छेवरील उपाय, तर चातुर्मासापूर्वी, आषाढ शुद्ध नवमीला येणारी 'कांदेनवमी' ही निषेधालाच उत्सव करणारी गंमत. मराठी दैनिकांत ती दरवर्षी भज्यांच्या पाककृतींसह उगवते आणि एकादशीच्या मजकुराला वाट करून देते.

वृत्तपत्रीय भाषेचा विचार करताना काशीचे बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) टाळता येत नाहीत. मराठी घराण्यात जन्मलेल्या, सखाराम गणेश देउस्करांच्या बंगाली 'देशेर कथा'चे हिंदी रूपांतर करणाऱ्या या संपादकाने १९२० मध्ये सुरू झालेल्या 'आज'मधून हिंदी पत्रकारितेची परिभाषा घडविली. 'मुद्रास्फीति' रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. महागाईचे हे अमूर्त नाव अर्थशास्त्राच्या पानावर राहिले. पहिल्या पानावर मात्र महागाई कांद्याच्याच रूपाने येते.

या दृष्टीने १९८० ची लोकसभा निवडणूक निर्णायक म्हणावी लागेल. कांद्याचा भाव तेव्हा प्रचाराचा विषय झाला, आणि १९९८ मध्ये दिल्लीत सत्तांतर झाले तेव्हा भाजीचे नाव राजकीय कर्त्याच्या जागी पक्के बसले. 'कांद्याने रडवले', 'कांद्याचा वांधा' अशा मथळ्यांचा साचा तयार झाला. 'प्याज'नेही अश्रू काढलेच. तेवढ्यापुरते दोन्ही भाषांचे मथळे परस्परांची भाषांतरे वाटतात. तथापि रडणारा कोण, हा प्रश्न विचारताच साम्य संपते.

१९८० च्याच सुमारास शरद जोशी यांनी चाकणला कांदा उत्पादकांचे आंदोलन उभे केले. त्यामुळे मराठी वृत्तपत्रात कांदा दोन्ही बाजूंनी रडवू लागला : भाव चढला की गृहिणीला, कोसळला की शेतकऱ्याला. उत्तरेकडील वृत्तात 'प्याज' बहुधा ग्राहकाचा, मंडईतून पिशवीत येणारा. त्याची स्वस्ताई ही दिलाशाची वार्ता. मराठी बाजारपानावर मात्र तो लासलगावच्या लिलावातून येतो आणि ऋतूनुसार नाव बदलतो : खरिपाचा 'लाल', त्यामागून येणारा 'रांगडा', चाळीत साठविण्याचा 'उन्हाळ'. मूर्ख, उत्सव आणि अश्रू यांच्या पलीकडचा हा चौथा कांदा साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर वाचलेलाच नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण तो अंकांच्या रकान्यात असतो.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत टिकली. या निर्णयामागे 'प्याज'चा भाव आवरण्याचा हेतू होता. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले ते 'कांद्या'चे.