ग्राम बचत व कर्ज गट (आफ्रिका)

ग्राम बचत व कर्ज गट हे गावातील साधारणतः १५ ते २५ व्यक्तींनी स्वेच्छेने स्थापन केलेले, स्वतःच्या बचतीवर चालणारे व स्वतःच व्यवस्थापन करणारे वित्तीय गट होत. बाहेरून भांडवल न घेता सदस्यांच्या बचतीतूनच सदस्यांना कर्जे दिली जातात आणि ठरलेल्या मुदतीच्या शेवटी, बहुधा ९ ते १२ महिन्यांनी, संपूर्ण निधी व्याजासह सदस्यांमध्ये वाटला जातो. या पद्धतीचा उगम १९९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाच्या मारादी प्रदेशात झाला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बँकेची शाखा नसलेल्या गावांतील अल्पभूधारक शेतकरी कुटुंबांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, ती मोठ्या प्रमाणावर रूढ आहे.

== पार्श्वभूमी ==
आफ्रिकेच्या ग्रामीण भागात परस्परांत पैसे फिरवण्याच्या प्रथा जुन्या आहेत. फ्रेंच भाषिक पश्चिम आफ्रिकेत त्यांना ‘तोंतीन’ व हौसा भाषेत ‘अदाशी’ म्हणतात. महाराष्ट्रातील भिशीप्रमाणेच यात प्रत्येक सदस्य ठरावीक रक्कम जमा करतो आणि जमलेली संपूर्ण रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळते. ही व्यवस्था सोपी असली, तरी तिच्यात दोन उणिवा राहतात. पैशांची गरज आणि पाळी यांचा मेळ बसेलच असे नाही, तसेच बचतीवर कोणताही मोबदला मिळत नाही.

शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने पहिली उणीव अधिक गंभीर ठरते. साहेल पट्ट्यात वर्षातून एकच पावसाळी पीक येते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बाजरी व ज्वारीची कापणी झाल्यावर धान्याचे भाव उतरतात. देणी भागवण्यासाठी कुटुंबे याच वेळी धान्य विकतात. पुढील जून ते ऑगस्टमध्ये कणग्या रिकाम्या होतात, भाव चढलेले असतात आणि शेतात मशागतीचे सर्वाधिक काम असते. या टंचाईच्या महिन्यांत अनेकांना सावकाराकडून उचल घ्यावी लागते, शेळ्या-मेंढ्या विकाव्या लागतात किंवा स्वतःचे शेत सोडून दुसऱ्याकडे मजुरीला जावे लागते. त्यामुळे स्वतःच्या शेतातील काम मागे पडून पुढील पीकही घटते.

== इतिहास ==
‘केअर’ या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने १९९१ मध्ये मारादी प्रदेशात ‘माता मासू दुबारा’ हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या उभारणीत नॉर्वेच्या मोइरा एकनेस यांचा प्रमुख वाटा होता. तोंतीनची प्रथा मोडीत न काढता तिच्यात बदल करण्यात आला. जमा रक्कम एकाला देण्याऐवजी सामाईक निधी म्हणून ठेवायची, त्यातून गरजूला व्याजाने कर्ज द्यायचे आणि मुदत संपल्यावर निधी वाटून घ्यायचा, असे तिचे नवे रूप होते. आरंभीच्या गटांत बहुतेक स्त्रिया निरक्षर असल्यामुळे प्रत्येकीची बचत समान ठेवली जाई व सर्व हिशेब तोंडी चाले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत झिम्बाब्वे, टांझानियातील झांझिबार, मोझांबिक व युगांडा येथे पोहोचली. या टप्प्यावर ह्यू ॲलन आदींनी तिच्यात समभाग, पासबुक व कुलूपबंद पेटी यांची भर घातली, त्यामुळे सदस्यांना ऐपतीप्रमाणे कमी-अधिक बचत करणे शक्य झाले. मालीमध्ये ‘ऑक्सफॅम अमेरिका’ व ‘फ्रीडम फ्रॉम हंगर’ या संस्थांनी २००५ पासून तोंडी हिशेबावर आधारलेली स्वतंत्र आवृत्ती चालवली. पुढे ‘प्लॅन इंटरनॅशनल’, ‘कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस’ व ‘आगा खान फाउंडेशन’ या संस्थांनीही अशा गटांचा प्रसार केला. आज जगभरातील सदस्यसंख्या एक कोटीहून अधिक असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे.

== रचना ==
सदस्य एकमेकांना ओळखणारे व एकाच परिसरात राहणारे असतात. ते स्वतःची नियमावली ठरवतात आणि अध्यक्ष, हिशेबनीस, पेटी सांभाळणारा सदस्य व पैसे मोजणारे दोघे अशी पाच जणांची समिती दरवर्षी निवडतात.

गटाची रक्कम तीन कुलपांच्या लोखंडी पेटीत राहते. तिच्या तीन किल्ल्या समितीबाहेरच्या तीन सदस्यांकडे असतात व पेटी चौथ्याच व्यक्तीच्या घरी असते. त्यामुळे बैठकीखेरीज ती उघडता येत नाही. प्रत्येक व्यवहार सर्वांसमक्ष होतो आणि बैठकीच्या शेवटी शिल्लक रक्कम मोठ्याने सांगितली जाते. पुढील बैठकीच्या आरंभी सदस्यांनी ती आठवून सांगायची असते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही या रिवाजामुळे हिशेबावर लक्ष ठेवता येते.

== कार्यपद्धती ==
=== बचत ===
बैठक सहसा आठवड्यातून एकदा भरते. समभागाची किंमत गट ठरवतो आणि प्रत्येक सदस्य दर बैठकीत एक ते पाच समभाग विकत घेऊ शकतो. प्रत्येक समभागासाठी पासबुकात एक शिक्का उमटवला जातो. पाचची मर्यादा असल्यामुळे सधन सदस्याचे गटावर वर्चस्व निर्माण होत नाही.

=== कर्ज ===
सदस्याला सामान्यतः स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत कर्ज मिळते व परतफेडीची मुदत बहुधा तीन महिन्यांपर्यंत असते. व्याजदर गट ठरवतो. तो अनेक ठिकाणी दरमहा ५ ते १० टक्के असतो. हा दर चढा असला, तरी व्याज बाहेर न जाता गटाच्या निधीतच जमा होते.

=== सामाजिक निधी ===
आजारपण, मृत्यू, आग अशा आपत्तींसाठी प्रत्येक सदस्य ठरावीक छोटी रक्कम वेगळी देतो. यातून अनुदान किंवा बिनव्याजी मदत मिळते. हा निधी कर्जनिधीत मिसळला जात नाही.

=== वाटप ===
मुदतीच्या शेवटी सर्व कर्जे वसूल करून निधी समभागांच्या प्रमाणात वाटला जातो. उदाहरणार्थ, १०० शिलिंगांचे २,००० समभाग विकले गेले आणि व्याज व दंडासह निधी २,५०,००० शिलिंग झाला, तर प्रत्येक समभागाचे मूल्य १२५ शिलिंग होते. आठवड्याला तीन याप्रमाणे ५० आठवड्यांत १५० समभाग घेतलेल्या सदस्याने १५,००० शिलिंग भरलेले असतात व त्याला १८,७५० शिलिंग मिळतात. वाटपानंतर असमाधानी सदस्य बाहेर पडू शकतात आणि उरलेले नवे आवर्तन सुरू करतात. दरवर्षी हिशेब शून्यावर येत असल्यामुळे चुका व गैरव्यवहार साचून राहत नाहीत.

== शेती व उपजीविकेशी संबंध ==
अनेक गट वाटपाची वेळ शेतीच्या हंगामाशी जुळवतात. पेरणीपूर्वी वाटप झाल्यास बियाणे, खते व मजुरीचा खर्च भागतो, तर टंचाईच्या महिन्यांपूर्वी झाल्यास धान्य विकत घेता येते. कर्जांचा विनियोग छोटा व्यापार, अन्नप्रक्रिया, शेळी-कोंबडीपालन, शाळेचे शुल्क व औषधोपचार यांसाठी होतो. पाळीव जनावरे हा ग्रामीण कुटुंबाचा महत्त्वाचा संचय असल्यामुळे ती अवेळी विकावी न लागणे हाही मोठा लाभ मानला जातो.

== परिणामांचे मूल्यमापन ==
या पद्धतीची यादृच्छिक चाचण्यांद्वारे तपासणी झाली आहे. मालीतील सेगू प्रदेशाच्या ५०० गावांतील अभ्यासात गट सुरू झालेल्या गावांमध्ये बचत व पशुधन वाढल्याचे आणि अन्नटंचाई कमी झाल्याचे आढळले. मात्र आरोग्य, शालेय शिक्षण व स्त्रियांचे निर्णयस्वातंत्र्य यांत ठळक बदल दिसला नाही. उत्तर मलावीतील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दररोजच्या जेवणांची संख्या, कुटुंबाचा खर्च व घरातील खोल्यांची संख्या वाढल्याचे दिसले. घाना, मलावी व युगांडा या तीन देशांतील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वित्तसेवांचा वापर, कौटुंबिक व्यवसाय व स्त्रियांचे सक्षमीकरण यांत सुधारणा आढळली, परंतु सरासरी उपभोगात वाढ आढळली नाही.

या निष्कर्षांवरून गटांमुळे कुटुंबाची संकटे पेलण्याची क्षमता वाढते, मात्र केवळ त्यांच्यामुळे दारिद्र्य संपते असे म्हणता येत नाही.

== मर्यादा व टीका ==
* निधी सदस्यांच्या बचतीपुरताच असल्यामुळे विहीर, बैलजोडी किंवा सिंचनसाधने यांसाठी पुरेसे व दीर्घ मुदतीचे कर्ज मिळत नाही.
* पेरणीच्या तोंडावर सर्वांनाच एकदम पैसे हवे असतात. दुष्काळात तर गावातील बहुतेक कुटुंबे एकाच वेळी अडचणीत येतात, त्यामुळे गटाचा आधार अपुरा पडतो.
* किमान एक समभागही परवडणार नाही या भीतीने अतिगरीब कुटुंबे अनेकदा गटाबाहेर राहतात.
* वाटपाच्या सुमारास पेटीत मोठी रोकड जमा झाल्याने चोरीचा धोका वाढतो. काही देशांत यावर उपाय म्हणून बँक खाते किंवा मोबाइल पैसे सेवेची जोड दिली जाते.
* रस्ते, बाजारपेठ, जमिनीचे हक्क व आरोग्यसेवा या शासनाच्या जबाबदाऱ्या गरिबांच्याच बचतीवर ढकलल्या जाण्याचा धोका असल्याची टीकाही होते.

== महाराष्ट्रातील बचत गटांशी तुलना ==
महाराष्ट्रातील महिला बचत गट व आफ्रिकेतील हे गट यांच्यात नियमित बैठक, परस्परविश्वास व अंतर्गत कर्ज ही साम्ये आहेत. मुख्य भेद बँकेशी असलेल्या संबंधाचा आहे. ‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बँक जोडणी कार्यक्रमामुळे भारतातील गटांना स्वतःच्या बचतीच्या कित्येक पट बँककर्ज मिळू शकते आणि त्यांचा निधी वर्षानुवर्षे साचत राहतो. आफ्रिकेतील मूळ पद्धतीत बाहेरचे कर्ज टाळले जाते व निधी दरवर्षी वाटला जातो. त्यामुळे भांडवल लहान राहते, परंतु गट कर्जबाजारी होण्याचा धोका कमी असतो व हिशेब सोपा राहतो.

== हे सुद्धा पहा ==
* स्वयंसहाय्यता गट
* भिशी
* सूक्ष्मवित्त
* साहेल